गृहाध्ययनातील कृती आणि प्रतिसाद : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात एक विवेचन

टाळेबंदीच्या काळात प्राथमिक शाळांतील मुलांसाठी जे गृहाध्ययन योजले गेले, त्याचे मूल्यमापन बहुधा साधनांच्या अंगाने झाले आहे. किती घरी दूरचित्रवाणी संच होता, किती पालकांपाशी स्मार्टफोन होता, ह्या प्रश्नांचे महत्त्व नाकारता येणार नाही. तथापि त्यांच्या गर्दीत एक अधिक मूलगामी प्रश्न मागे पडला. मुलापुढे 'सर्जनशील आव्हान' म्हणून ठेवलेली कृती कशा प्रकारची होती आणि ती पुरी झाल्यावर तिचे पुढे काय होत असे, हा तो प्रश्न होय. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांच्या संदर्भात त्याचा विचार केल्यास गृहाध्ययनाच्या कल्पनेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही स्पष्ट होतात.

देशव्यापी टाळेबंदी 25 मार्च 2020 रोजी सुरू झाली. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग भरविण्यास राज्य शासनाने मुभा दिली ती 1 डिसेंबर 2021 पासून. म्हणजे जून 2020 मध्ये पहिलीत नाव दाखल झालेले मूल दुसरीचे निम्मे वर्ष सरेपर्यंत नियमित वर्गात बसलेच नव्हते. ही पोकळी भरून काढण्यासाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला भ्रमणध्वनीवरून पाठविली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीसाठीची मालिका 20 जुलै 2020 पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर दाखविली जाऊ लागली.

ह्या उपक्रमांपैकी 'टिलीमिली'चा विशेष असा की, तिने पाठ्यपुस्तकातील आशयाला घरात व परिसरात करावयाच्या कृतींचे रूप दिले. रूढ गृहपाठ हा वर्गातील पाठाचे शेपूट असतो. येथे घर हेच पाठाचे आरंभस्थान मानले गेले. स्वयंपाकघर, अंगण, भावंडे आणि आजीआजोबा ही अध्ययनाची सामग्री ठरली. ही दृष्टी निःसंशय स्वागतार्ह होती. परंतु दूरचित्रवाणी बोलू शकते, तिला ऐकता येत नाही. मुलाने काय केले, ते कोठे अडले, त्याला अनपेक्षित असे काय सापडले, हे जाणून घेण्याची सोय त्या माध्यमातच नाही.

जुन्नर व आंबेगाव ह्या दोन्ही तालुक्यांचे पूर्व व पश्चिम असे दोन भिन्न पट्टे आहेत. नारायणगाव व मंचर ह्या पूर्वेकडील बाजारपेठांभोवती बागायती शेती आहे आणि दळणवळणाची साधने पुरेशी आहेत. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या उतारांवर महादेव कोळी व ठाकर समाजांच्या वाड्यावस्त्या आहेत. तेथील जीवन भात, नाचणी, वरई आणि हिरडा ह्यांवर अवलंबून आहे, आणि दऱ्याखोऱ्यांत भ्रमणध्वनीचा संपर्क भरवशाचा नाही. टाळेबंदीचे पहिले महिने म्हणजे तेथील बाळहिरडा गोळा करून वाळविण्याचा हंगाम होता. त्यापाठोपाठ 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने घरांचे व हिरड्याच्या झाडांचे नुकसान केले आणि मग भाताची आवणी आली. मुलाच्या शेजारी बसून त्याला कृती करावयास लावणारी सवड असलेली माता गृहाध्ययनाने गृहीत धरली होती. प्रत्यक्षात ती चिखलात वाकून रोप लावीत होती. 'घर' ह्या शब्दामागे जे चित्र योजकांच्या मनात होते, ते ह्या घरांचे नव्हते.

ह्याचा अर्थ ही घरे शैक्षणिक सामग्रीच्या दृष्टीने दरिद्री होती, असा मात्र नव्हे. ओला हिरडा वाळल्यावर वजनात किती घटतो, ही घट ढगाळ हवेत आणि कडक उन्हात सारखीच असते काय, ओला विकणे परवडते की वाळवून विकणे, हे प्रश्न गणिताचे आहेत, निसर्गाभ्यासाचे आहेत आणि अर्थव्यवहाराचेही आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई व नाणी ह्यांचे आकडे कोरलेले आहेत, आणि भारतीय अंकांच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे. संख्या ही मोजण्याच्या व्यवहारातूनच अर्थपूर्ण होते, ह्याचा पुरावा ह्या मुलांच्या परिसरातच आहे. उलट, रिकाम्या बाटलीची कुंडी किंवा कागदाचे फूल करण्याच्या सर्वपरिचित कृतीत फलित आधीच ठरलेले असते. मुलाने केवळ नमुन्याबरहुकूम हात चालवावयाचा असतो. अशी कृती हस्तकौशल्यास उपकारक असेल, परंतु तिला आव्हान म्हणता येत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यालाही थांबूनच कळेल, तोच खऱ्या अर्थाने सर्जनशील होय.

तथापि परिसराचा हा गौरवही एका मर्यादेपलीकडे नेणे धोक्याचे आहे. हिरड्याचे वजन करणारे मूल ते टिपून ठेवू पाहील, तेव्हा त्याला अक्षरे व अंक लागतील. लिपी झाडावर लागत नाही, आणि ज्या घरात नित्य वाचणारे कोणी नाही तेथे ती परिसरातून आपोआप उपजत नाही. ती कोणी तरी शिकवावीच लागते. 'असर' ह्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के होते, ते 2022 मध्ये 20.5 टक्क्यांवर आले. कृतींच्या वैपुल्याने ही हानी टळली नाही.

येथे पोच आणि प्रतिसाद ह्यांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. मुलाने केलेल्या वस्तूचे छायाचित्र पालकाने गटावर धाडावे आणि उलट सर्वांना सारखेच अभिनंदनाचे चिन्ह यावे, ही पोच झाली. ती उत्साहवर्धक खरी. परंतु मुलाच्या कृतीकडे पाहून तिच्यातूनच पुढचा प्रश्न काढणे, चुकलेले अक्षर त्याच्या हाताला धरून गिरविणे, हा प्रतिसाद होय. अध्यापनाचे सत्त्व त्यात आहे. प्रतिसादावाचून आव्हान हे केवळ सांगितलेले काम उरते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी कोसबाड येथे चालविलेल्या कुरणशाळेचे स्मरण ह्या संदर्भात उद्बोधक ठरेल. गुरे राखणारे मूल शाळेत येत नाही, तर शाळेने कुरणात जावे, हे तिचे सूत्र. त्यातील कुरणाची वाखाणणी पुष्कळ झाली; परंतु कुरणात शिक्षिकाही जात असे, हे विसरून चालणार नाही. गृहाध्ययनाने परिसर घेतला आणि माणूस वगळला. साथीच्या दिवसांत हे वगळणे बव्हंशी अपरिहार्य होते, हेही मान्य केले पाहिजे. शिक्षकांवर सर्वेक्षणादी कामांचा भार होता आणि वस्तीवर जाण्यात उभयतांना धोका होता. तरीही राज्यात अनेक शिक्षक वस्तीवर गेले आणि ओटीवर, देवळात चारदोन मुले जमवून बसले. त्यांनी कृतिपत्रिकेत जी भर घातली, ती साधनांची नव्हती, प्रतिसादाची होती.

ह्या विवेचनाचे महत्त्व त्या दोन वर्षांपुरते नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव 30 जुलै 2014 रोजी दरडीखाली गेले. अतिवृष्टीने रस्ते तुटणे व शाळा बंद राहणे ह्या डोंगरपट्ट्यास नवे नाही. पुन्हा शाळा बंद ठेवण्याचा प्रसंग आल्यास किती कृती मुलांपर्यंत पोहोचल्या, एवढेच मोजून भागणार नाही. पोहोचलेल्या प्रत्येक कृतीकडे पाहणारे, आणि तिच्यावरून पुढचा प्रश्न विचारणारे माणूस त्या वाडीत कोण असेल, हे आधी ठरवावे लागेल. ते ठरत नाही तोवर गृहाध्ययन म्हणजे शिक्षणाचा भार, तो उचलण्यास ज्यांना सर्वांत कमी सवड आहे त्यांच्याच माथी देणे होय.