क्योतो येथील सेन्बोन शाकादो : दंतकथा आणि लेख

जपानांतील क्योतो शहराच्या वायव्येस निशिजिन हा विणकरांचा जुना मोहल्ला आहे. तेथील अरुंद गल्ल्या व लांकडी घरें ओलांडून दाइहोओनजी या बौद्ध मंदिराच्या शांत आवारांत आम्ही गेलों. लोक यास सेन्बोन शाकादो म्हणतात. गिकू नामक भिक्षूनें इ. स. १२२१ त हें स्थापिलें. मुख्य मंदिर १२२७ चें आहे. ओनिन युद्धांत (१४६७-७७) बहुतेक शहर जळालें. पश्चिमेकडील सैन्याची छावणी याच भागांत होती. 'निशिजिन' म्हणजे पश्चिम छावणी. तरीहि ही लांकडी वास्तु बचावली, हें नवलच होय.

आवारांत ओकामे या स्त्रीची मूर्ति आहे. तिची कथा अशी : मुख्य सुतार ताकात्सुगु यानें एक खांब चुकून आंखूड कापला. इतर खांबहि तितकेच कापून माथ्यावर ठोकळे व हस्त बसवावे, अशी युक्ति पत्नी ओकामे हिनें सांगितली. आणि पतीचें उणें उघड होऊं नये म्हणून आढें चढण्यापूर्वींच तिनें प्राण दिला.

ही कथा इतिहास म्हणून आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. ठोकळ्यांची व हस्तांची योजना होर्युजी येथें शतकानुशतकें आधींच झालेली आहे. तेराव्या शतकांतील कसबी सुतारास ती नवी नव्हती. शिवाय गुपित राखण्यासाठीं ती मेली, तर तें कथेकऱ्यास कळलें कोठून ?

याउलट, येथील संग्रहांतील सहा कान्नोन मूर्ति पाहाव्या. त्या पूर्वीं कितानोच्या क्योओदो मंदिरांत होत्या. त्यांपैकीं जुन्तेई कान्नोनच्या पोटांत मूर्तिकार जोकेई याचें नांव व १२२४ हें वर्ष लिहिलेलें आहे. मूर्तीचें स्थान बदललें, पण पोटांतील लेख आपली साक्ष बदलीत नाहीं. बखरीची हकीकत अस्सल कागदाशीं ताडून पाहणाऱ्या वाचकांस यांतील भेद सांगणें नलगे.

तथापि कथा टाकून द्यावी, असें आमचें म्हणणें नाहीं. क्योतोचे सुतार घराचें आढें चढवितांना ओकामेचा मुखवटा लावीत आले आहेत. म्हणजे ती १२२७ चा पुरावा नसली, तरी त्या धंद्यांतील लोकांच्या श्रद्धेचा पुरावा खचित आहे. त्या सदरांत ती जरूर जपावी. मात्र इमारतीचें श्रेय ठरवितांना, ज्यांच्या हातून खांब बरोबर कापले गेले त्या अनाम कारागिरांवर चुकीचा आळ व एका स्त्रीवर मरण लादण्याचें कांहींच कारण नाहीं.