जुळी कोकरं मोजायची की किलो?

संकरपैदाशीवरचा कुठलाही पेपर उघडलात की तुमची नजर आधी टक्क्यांवर जाते. आज एका चांगल्या कामाच्या निमित्ताने सांगते, की त्या टक्क्यांच्या खाली काय वाचायचं.

आपल्याकडे वसई-विरारला मटण म्हणजे बोकड, त्यामुळे मेंढीवर कोणी फारसा विचार करत नाही. पण घाटावर धनगराचं पोट मेंढीवर चालतं, आणि तेही आता लोकरीवर नाही. कातरणीचा खर्चही निघत नाही अशी लोकरीची गत आहे. उत्पन्न कोकरू विकून येतं. दख्खनी मेंढी मात्र एका वेताला बहुतेक एकच कोकरू देते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नेमकं हेच धरलं. सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगाने अगदी लहान, जेमतेम 10-15 किलोची, पण जुळी-तिळी देणारी. कारण तिच्यात फेकबी हा जनुकबदल असतो. बीएमपीआर1बी या जनुकातला हा बदल 2001 साली ओळखला गेला. ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेरिनोंमध्येही तोच आहे, आणि तो अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून गेलेल्या मेंढ्यांबरोबर तिकडे पोहोचला असावा असं मानतात. फलटणला गरोळचा दख्खनी आणि बन्नूरशी संकर केला, मग पिढ्यान्‌पिढ्या परतसंकर केला. पहिल्या पिढीत गरोळचा वाटा निम्मा, पुढे पाव, मग एक-अष्टमांश. अंग परत मिळवायचं, जनुक तेवढा ठेवायचा. वाहक कोण हे डीएनए चाचणीने ठरवायचं, आणि ते काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केलं. यातून नारी सुवर्णा आली.

मला यात सर्वात आवडतं ते असं, की हे लोक फार्मवर थांबले नाहीत. मेंढे मेंढपाळांच्या कळपात दिले आणि तिथे मोजलं. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीला वेताला सरासरी सुमारे दीड कोकरू. प्रबंधांमध्ये इतकं धाडस क्वचित दिसतं. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेने गरोळ, मालपुरा आणि पाटणवाडी मिळून अविशान तयार केली, तिथेही हाच जनुक आहे.

आता खोट काढते, पण ती मूळ कामापेक्षा त्याचा दाखला देणाऱ्यांची जास्त आहे. प्रस्तावांमध्ये हे काम 'जुळी देणारी मेंढी, उत्पन्न दीडपट' अशा एका ओळीत येतं. हे गणित चुकीचं आहे. कागद घ्या. समजा 100 मेंढ्या, 100 कोकरं, त्यातली 10 गेली, उरलेली विकताना 15 किलोची: 1350 किलो. आता 140 कोकरं धरा. जुळी जन्मतःच हलकी, आईचं दूध वाटून जातं, म्हणून 28 गेली असं समजा आणि उरलेली 112 कोकरं 13 किलोची: 1456 किलो. आकडे माझे, गृहीत धरलेले. पण बघा, 40 टक्क्यांचे 8 टक्के झाले, आणि जास्तीचा खुराक अजून धरलेलाच नाही.

म्हणून पेपर वाचताना विचारा: जन्मलेली कोकरं मोजलीत, की दूध तोडेपर्यंत जगलेली? की दर मेंढीमागे वर्षाला किती किलो? तिसरा आकडा नसेल तर निष्कर्ष अर्धाच आहे. दुसरा प्रश्न कळपाचा. कळप गावातच चरतो, की पावसाळा संपला की कोकणात उतरतो, शेतात बसतो, रोज मुक्काम हलवतो? चालत्या कळपात नवं कोकरू घोड्यावर लादावं लागतं. मेंढीमागे दोन झाली तर? संस्थेच्या संपर्कातल्या, लस आणि सल्ला वेळेवर मिळणाऱ्या कळपातला आकडा तिथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. आणि जनुक टिकवणं हाही प्रश्नच आहे. दोन प्रती असलेला मेंढा दिला तर सगळ्या कोकरांना एकेक प्रत मिळते. पुढच्या पिढीत मेंढपाळाने आपल्याच कळपातला एकच प्रत असलेला मेंढा ठेवला, की साध्या मेंढ्यांपासूनची निम्मी कोकरं वाहक नसतात. रंगरूपावरून ते ओळखू येत नाही. चाचणी कोण करणार, तिचे पैसे कोण देणार, हे प्रस्तावात लिहिलेलं असायला हवं.

दरम्यान मेंढपाळ आपला संकर करतच आहेत. जत तालुक्यातला माडग्याळ मेंढा, उंच, पोपटासारख्या नाकाचा, अंगावर लोकर कमी, दख्खनी कळपात घालतात, कारण कोकरू लवकर भरतं आणि बाजारात जास्त भाव घेतं. इथे संख्या वाढत नाही, वजन वाढतं. विषय शोधत असाल तर हे दोन मार्ग एकाच कळपात, एकाच वर्षी, एकाच मेंढपाळाकडे शेजारी ठेवून मोजा. आणि तुलनेला साधी दख्खनी जरूर ठेवा. ती नसेल, तर वाढलेलं वजन मेंढ्यामुळे की त्या वर्षीच्या पावसामुळे, हे तुम्हाला व्हायव्हात कोणीतरी विचारणारच.