मुलाखतीच्या दाराबाहेर : तीन बंगाली चित्रपटांतील बेकार सुशिक्षित

प्रास्ताविक

बेकारीविषयी लिहिताना आपल्याकडे बहुधा अर्थशास्त्राची परिभाषा वापरली जाते. पदे किती, अर्ज किती, टक्केवारी किती, यावरून प्रश्नाची व्याप्ती कळते. परंतु काम शोधणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, हे त्यातून कळत नाही. तो दिवस अर्ज लिहिण्यात, टपालाची वाट पाहण्यात, ओळखी काढण्यात आणि कुठल्यातरी कार्यालयाच्या व्हरांड्यात ताटकळण्यात जातो. या दिवसाचे प्रत्ययकारी चित्रण पाहावयाचे असेल तर कोलकात्यात तयार झालेल्या तीन चित्रपटांकडे वळावे लागते. सत्यजित राय यांचे 'प्रतिद्वंद्वी' (१९७०) व 'जनअरण्य' (१९७६) आणि मृणाल सेन यांचा 'इंटरव्ह्यू' (१९७१) हे ते चित्रपट होत. राय यांच्या कोलकाता-त्रयीतील मधला 'सीमाबद्ध' (१९७१) हा उत्तम नोकरी असलेल्या माणसाचा चित्रपट असल्याने येथे बाजूला ठेवला आहे. प्रस्तुत लेखात या तिन्ही चित्रपटांतील मुलाखतीच्या प्रसंगांचा विचार केला आहे; कारण बेकाराची आणि व्यवस्थेची समोरासमोर गाठ पडते ती तेथेच.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगावयाची तर, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचा भार कोलकाता शहरावर पडला होता. पोलादाचा दर देशभर सारखा ठेवण्याच्या धोरणाने पूर्व भारताला खाणींच्या जवळ असण्याचा लाभ उरला नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेल्वेकडून येणाऱ्या मागण्या घटल्या आणि अभियांत्रिकी कारखाने मंदीत सापडले. १९६७ मध्ये नक्षलबारीचा उठाव झाला. पदवीधर मात्र दरवर्षी बाहेर पडतच होते.

सिद्धार्थची उत्तरे

सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवर आधारलेल्या 'प्रतिद्वंद्वी'चा नायक सिद्धार्थ चौधुरी याने वडिलांच्या निधनामुळे वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले आहे. पहिल्या मुलाखतीत त्याला विचारले जाते की, स्वातंत्र्याच्या वेळी इंग्लंडचे पंतप्रधान कोण होते. तो उलट विचारतो, कोणाच्या स्वातंत्र्याच्या वेळी? गेल्या दहा वर्षांतील सर्वांत महत्त्वाची घटना कोणती, या प्रश्नावर तो व्हिएतनामचे युद्ध असे उत्तर देतो. माणूस चंद्रावर उतरला, ही घटना अधिक महत्त्वाची नाही काय, असे परीक्षक सुचवितात. सिद्धार्थचे म्हणणे असे की, विज्ञानाची प्रगती पाहता चंद्रावर जाणे अपेक्षितच होते. सामान्य माणसे एवढा प्रतिकार करू शकतील, हे अपेक्षित नव्हते. त्यावर तो कम्युनिस्ट आहे काय, असा प्रश्न येतो आणि मुलाखत संपते.

या प्रसंगावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु बहुतेकांचा भर सिद्धार्थच्या राजकीय जाणिवेवर राहिला. माझ्या मते येथे उत्तरापेक्षा प्रश्न महत्त्वाचा आहे. पद वनस्पतिशास्त्राशी संबंधित कार्यालयातले आहे आणि प्रश्न चंद्राविषयी आहे. जागा मूठभर आणि अर्ज गाडाभर असले की, प्रश्नाचा कामाशी असलेला संबंध तुटतो. चाळणी ज्याप्रमाणे धान्याची प्रत पाहत नाही, केवळ आकार पाहते, त्याप्रमाणे हा प्रश्न काम करते. 'जनअरण्य'मध्ये राय हाच मुद्दा विनोदाच्या टोकाला नेतात. तेथे सोमनाथला चंद्राचे वजन विचारले जाते.

दुसरी मुलाखत व्हरांड्यातच घडते, असे म्हणावयास हरकत नाही. असह्य उकाडा आहे, बसावयास पुरेशा खुर्च्या नाहीत, एक उमेदवार भोवळ येऊन पडतो. सिद्धार्थ आत जाऊन खुर्च्या मागतो. त्या मिळत नाहीत. ताटकळणारी माणसे त्याला सांगाड्यांसारखी दिसू लागतात आणि परीक्षक जेवणासाठी उठणार असे कळताच तो आत घुसून टेबल उलथून टाकतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा उद्रेक नोकरी नाकारल्यामुळे होत नाही. नोकरीचा प्रश्न अद्याप निघालेलाच नसतो. तो होतो तो खुर्चीसाठी. बेकारीतील अपमान मोठ्या नकारापेक्षा अशा क्षुल्लक नकारांनी साचत जातो, हे राय यांनी अचूक हेरले आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. एम. फिल. झाल्यावर सहा वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकविले. त्या काळात एका संस्थेच्या मुलाखतीला एका पदासाठी आम्ही चाळीसहून अधिक जण सकाळी दहापासून जिन्यावर बसलो होतो. माझा क्रमांक संध्याकाळी पाचनंतर लागला. संशोधनाचा विषय कोणी विचारला नाही. आडनावावरून नीटसे कळत नाही, मूळ गाव कोणते, असे विचारण्यात आले. मी गावाचे नाव सांगितले. तालुका विचारला, तोही सांगितला. सिद्धार्थप्रमाणे टेबल उलथण्याचे मला सुचले नाही; मी नमस्कार करून बाहेर आलो आणि शेवटची एस. टी. गाठली. या लेखाचे वाचक बहुधा टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेले आहेत, म्हणून हे नमूद केले.

सुटाचा प्रश्न

मृणाल सेन यांच्या 'इंटरव्ह्यू'ची मांडणी अधिक धारदार मानली जाते. रणजितला परदेशी कंपनीतील नोकरी ओळखीने जवळजवळ ठरलेलीच आहे. फक्त पाश्चात्त्य पद्धतीचा सूट घालून जावयाचे आहे. नेमका त्याच दिवशी लॉन्ड्री कामगारांचा संप होतो. उसना मिळविलेला सूटही बसमधल्या पाकीटमाराच्या भानगडीत हातचा जातो. अखेर तो धोतर-कुडत्यात मुलाखतीला जातो आणि नोकरी हुकते. शेवटी दुकानाच्या काचेतील सुटाबुटातल्या पुतळ्यावर तो तुटून पडतो. वसाहतवादी मानसिकतेवरील भाष्य म्हणून हा चित्रपट निःसंशय प्रभावी आहे. तथापि बेकारीचा चित्रपट म्हणून त्याची जी गणना होते, ती मला मान्य नाही. रणजितला आधीच एक नोकरी आहे. तो अधिक चांगली शोधतो आहे. शिवाय सूट वेळेवर मिळाला असता तर त्याचा प्रश्न सुटला असता. सिद्धार्थचा प्रश्न सुटाने सुटणारा नाही. सेन राजकीय आणि राय केवळ मानवतावादी, ही रूढ विभागणी या एका मुद्द्यावर तरी टिकत नाही.

जुथिका

शंकर यांच्या कादंबरीवरील 'जनअरण्य' आणीबाणीच्या काळात प्रदर्शित झाला. सोमनाथची उत्तरपत्रिका परीक्षकाला बारीक अक्षरामुळे धड वाचता येत नाही आणि अपेक्षित ऑनर्स हुकतो. एवढ्या किरकोळ कारणाने आयुष्याला वळण लागते, हे कोणाही प्राध्यापकाला अस्वस्थ करणारे आहे. पेपर तपासणीच्या दिवसांत मला ते दृश्य हटकून आठवते. पुढे अर्ज, नकार आणि केळीच्या सालीवरून घसरताना भेटलेले बिशूदा. त्यांच्या सल्ल्याने सोमनाथ नोकरीचा नाद सोडून मालपुरवठ्याच्या धंद्यात पडतो. एका गिरणीची मागणी मिळविण्यासाठी गोएंका नामक अधिकाऱ्याला स्त्री पुरवावी लागेल असे त्याला सांगितले जाते. जी मुलगी समोर येते ती त्याच्या मित्राची, सुकुमारची बहीण कौना असते. ती आपले नाव जुथिका असल्याचे सांगते.

पैसे घे आणि घरी जा, असे सोमनाथ तिला विनवितो. ती नकार देते. ज्या कामासाठी आली आहे ते करूनच पैसे घेणार, अशी तिची भूमिका असते. या दृश्याचा विचार आजवर सोमनाथच्या नैतिक अधःपाताच्या अंगाने झाला आहे. माझेही वाचन अनेक वर्षे तेच होते. गतवर्षी महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात 'जनअरण्य' दाखविल्यानंतर द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हिने आधी कुठे कुठे अर्ज केले होते?" मला उत्तर देता आले नाही, कारण ते चित्रपटात नाही.

सिद्धार्थ व सोमनाथ यांचा कामाचा शोध राय पायरीपायरीने दाखवितात. सुकुमारही अखेर टॅक्सी चालवू लागतो, हे आपल्याला कळते. जुथिकाचा शोध मात्र पूर्णतः पडद्याबाहेर राहतो. ती येते तीच शोधाच्या शेवटच्या टोकाला. 'प्रतिद्वंद्वी'त सिद्धार्थची बहीण सुतपा घरात मिळवती आहे, तर तिच्या साहेबाविषयीच्या कुजबुजीने घर हादरते आणि भाऊ साहेबाला जाब विचारण्यास निघतो. ती नोकरी तिने कशी मिळविली, मुलाखतीत तिला काय विचारले, हे तेथेही दाखविलेले नाही. दोन्ही चित्रपटांत बहिणीची कमाई ही भावाची जखम म्हणून येते. बेकार तरुणाकडे इतक्या सहानुभूतीने पाहणाऱ्या दिग्दर्शकाची ही मर्यादा मानावी लागते. मराठीत गिरणी संपानंतरच्या घरावरील जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक या दृष्टीने पुन्हा तपासता येईल. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

'जनअरण्य'च्या अखेरीस सोमनाथ घरी येऊन मागणी मिळाल्याचे सांगतो. इतके दिवस मुलाच्या काळजीत असलेल्या वडिलांच्या मनावरचे ओझे उतरते. कॅमेरा त्यांच्यापाशी थांबतो. जुथिका त्या रात्री किती वाजता घरी पोहोचली आणि दार उघडणाऱ्याला तिने काय सांगितले, हे आपल्याला दिसत नाही.