नांव आणि नांवाचा अर्थ

मराठींत ज्या पुस्तकांना परीक्षणाचा मान कधीं मिळत नाहीं, परंतु जीं कोणत्याहि कादंबरीहून अधिक काळजीपूर्वक वाचलीं जातात, अशा पुस्तकांत बालकांच्या नांवांच्या संग्रहांची गणना केली पाहिजे. बारशाचा दिवस जवळ आला कीं हीं पुस्तकें घरांत येतात, आजी, आत्या आणि मावशी यांच्या हातांतून फिरतात, पेन्सिलीच्या खुणांनीं भरतात आणि पुढें कोणाच्या तरी घरीं उसनीं जातात. अलीकडे त्यांची व्याप्ति फार वाढली आहे. पूर्वीं देवादिकांचीं नांवें, नक्षत्रांचीं चरणाक्षरें आणि संस्कृत काव्यांतील चार नायिका एवढ्यावर भागत असे. आतां अरबी, हिब्रू, ग्रीक, आयरिश, जपानी, आफ्रिकी अशा नांवांचीं दालनें त्यांत उघडलेलीं दिसतात. परक्यांच्या घरांतील पाळण्यापाशीं आपल्या वाचकाला नेऊन उभें करणारें हें साहित्य टाकाऊ आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. मात्र त्याची मांडणी सर्वत्र एकच: डावीकडे नांव, उजवीकडे अर्थ. आमचें भांडण आहे तें या उजव्या रकान्याशीं.

'आरव' हें नांव घ्या. गेल्या कांहीं वर्षांत तें घरोघर झालें आहे. याद्यांत त्याचा अर्थ 'शांत' असा दिलेला असतो. संस्कृतांत 'रु' धातूला 'आ' उपसर्ग लागून झालेल्या या शब्दाचा अर्थ आहे आवाज, आरडाओरडा. तान्ह्या मुलाच्या बाबतींत संग्रहकारापेक्षां संस्कृत भाषाच अधिक अनुभवी ठरते, हें मातापित्यांच्या लवकरच ध्यानांत येत असेल. पण कोश उघडून पाहण्याचे श्रम संग्रहकारानें घेतले नाहींत हा दोष त्यानें भरून निघत नाहीं. 'कियारा' या नांवाची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या पोटांत दोन परकी नांवें एकत्र आलीं आहेत. इटालियन 'कियारा' म्हणजे उजळ, स्वच्छ. आयरिश 'किएरा' ही 'किअर' म्हणजे काळा या शब्दापासून निघालेली. एका यादींत तेजस्वी आणि दुसरींत कृष्णकेशी असें वाचून गोंधळलेल्या आईबापांना कोणीहि सांगत नाहीं कीं येथें नांवें दोन आहेत.

'व्हॅनेसा' पुढें 'फुलपाखरूं' असें ग्रीक भाषेच्या नांवावर बिनदिक्कत छापतात. वस्तुतः हें नांव स्विफ्टनें बनविलें. एस्थर व्हॅनहोमरी या आपल्या स्नेह्याच्या आडनांवाचा आरंभ आणि तिच्या लाडक्या नांवाचे अवशेष जोडून त्यानें तें आपल्या काव्यांत घातलें. तें काव्य १७२६ सालीं छापून निघालें. फुलपाखरांच्या एका जातीला तें नांव फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञानें दिलें १८०७ सालीं. म्हणजे मुलीला फुलपाखराचें नांव मिळालें नसून फुलपाखराला मुलीचें मिळालें आहे. या जन्मकथेपुढें संग्रहांतला अर्थ किती फिका वाटतो!

लिपि बदलली कीं हा घोटाळा वाढतो. देवनागरींत 'आसिया' असें एकच नांव दिसतें. अरबींत अलिफ आणि सीन या अक्षरांनीं लिहिलेली आसिया ही फॅरोची धर्मशील पत्नी, मुसलमान कुटुंबांत आदरानें घेतलें जाणारें नांव. ऐन आणि साद या अक्षरांनीं लिहिलेली आसिया म्हणजे आज्ञा मोडणारी. हें दुसरें नांव एका मुलीचें होतें, तें पैगंबरांनीं बदलून तिला 'जमीला' म्हटलें अशी हदीस आहे. जपानी नांवांची अडचण याहूनहि मोठी. 'योको' हा केवळ उच्चार झाला. तो कोणत्या चित्राक्षरांनीं लिहिला आहे हें कळल्यावांचून ही मुलगी सूर्याची कीं समुद्राची हें सांगतां येत नाहीं, आणि आमचे संग्रह तर अक्षरें देतच नाहींत.

हे दोष माहितीचे झाले. मेहनतीनें ते दूर होतील. शार्लट यंग या बाईंनीं १८६३ सालीं ख्रिस्ती नांवांचा इतिहास दोन खंडांत लिहिला. त्यांतील कित्येक व्युत्पत्ति आज टिकत नाहींत. पुढें १९४५ सालीं ऑक्सफर्डहून निघालेल्या विदिकोंब बाईंच्या कोशानें कोणतें नांव कोणत्या जुन्या कागदांत कोणत्या सालीं आढळतें तें दाखविण्याची शिस्त घालून दिली. मराठी नांवांचें असें काम कोणी हातीं घेतल्यास साधनांची वाण पडूं नये. आमच्या दप्तरांत माणसांचीं नांवेंच नांवें आहेत.

परंतु याहून खोल असा एक दोष या संग्रहांच्या कल्पनेंतच आहे. शब्दाचा अर्थ तोच नांवाचा अर्थ, असें ते गृहीत धरतात. रोमन लोकांकडे पाहा. क्विंटस म्हणजे पांचवा, सेक्स्टस म्हणजे सहावा; मुलीला तर बहुधा कुळाच्या नांवाचें स्त्रीलिंगी रूप तेवढें मिळे. टुलियस कुळांतील सिसरोची कन्या टुलिया. 'सिसरो' हें उपनांव चण्यावरून आलेलें. राजकारणांत शिरतांना तें टाकावें असें मित्र सांगूं लागले, तेव्हां त्यानें तेंच नांव मोठें करून दाखविण्याचा निश्चय केला असें प्लूटार्क सांगतो. दोन हजार वर्षांनंतर ते अक्षर वाचतांना चणा कोणाला आठवतो? घानामधील अकान लोकांत शुक्रवारीं जन्मलेला तो कोफी आणि शनिवारीं जन्मलेला तो क्वामे. येथें 'अर्थ' म्हणून आहे तो केवळ वार.

आमच्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. महाभाष्याच्या आरंभीं, व्याकरण कां शिकावें हें सांगतांना, पतंजलीनें याज्ञिकांचा नामकरणाचा नियम दिला आहे. मुलाचें नांव घोषवर्णानें सुरू व्हावें, मध्यें य, र, ल, व यांपैकीं वर्ण असावा, आदिस्वर वृद्धि नसावा, पूर्वीच्या तीन पिढ्यांचें त्यांत स्मरण असावें, तें शत्रूच्या घरीं रूढ नसावें, अक्षरें दोन किंवा चार असावींत आणि शब्द कृदन्त असावा. या सबंध यादींत अर्थाचा उल्लेख नाहीं. (आपला 'आरव' येथें दोनदां नापास होतो, आदिस्वर वृद्धि आणि अक्षरें तीन!) अर्थाचा आग्रह दिसतो तो मनुस्मृतींत. दुसऱ्या अध्यायांतील तिचें एक वचन संग्रहांच्या प्रस्तावनांना शोभून दिसतें: मुलींचीं नांवें उच्चारण्यास सुलभ, मनोहर आणि मंगल असावींत. त्याच्या दोन श्लोक आधींची ओळ मात्र प्रस्तावनांत सांपडावयाची नाहीं. तींत ब्राह्मणाच्या नांवांत मांगल्य, क्षत्रियाच्या बल, वैश्याच्या धन आणि शूद्राच्या नांवांत जुगुप्सा असावी असें सांगितलें आहे. दुसऱ्याच्या लेकरानें जन्मभर कोणता अर्थ वागवावा हें ठरविण्याचा अधिकार येथें शास्त्रानें आपल्याकडे घेतला आहे. नांवांच्या अर्थाचा इतिहास लिहावयाचा तर ही ओळ गाळून चालणार नाहीं.

आणि तरीहि, कानाला ओंगळ लागणारें प्रत्येक नांव तिरस्कारांतून आलेलें नाहीं. दगडू, धोंडू, कचरू, भिकू हीं नांवें जुन्या मराठी घरांत कां ठेवीत? आधींचीं मुलें गेलेलीं असत. या खेपेला मृत्यूची नजर पडूं नये म्हणून आई आपल्या जिवलग पोराला धोंडा म्हणे. अण्णासाहेब कर्व्यांचें धोंडो हें नांव कोणत्याहि सुंदर नांवांच्या यादींत बसणार नाहीं, पण अशा नांवांच्या मागें जी माया आहे ती 'चिरंजीव' या शब्दांतहि नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा लोकांत हाच प्रकार आहे. १८४५ ते १८५१ पर्यंत लागोसच्या गादीवर असलेल्या राजाचें नांव कोसोको. त्याचा शब्दार्थ 'कुदळ नाहीं'; खड्डा खणावयाला कुदळच नाहीं, तेव्हां बाळा, मरूं नकोस, असा त्यांतला भाव. उजव्या रकान्यांत 'कुदळ नाहीं' एवढेंच छापलें तर वाचक हंसेल.

उलट 'नकुशा'चा शब्दार्थ आणि नांवाचा अर्थ यांत तिळमात्र अंतर नाहीं. नको असलेली ती नकुशा. एकीमागून एक मुलीच झाल्यावर, आतां पुरे, पुढें मुलगा व्हावा, म्हणून हें नांव ठेवावयाचें. चीनमध्यें अशाच कारणानें मुलीला झाओदी म्हणत. तिचा अर्थ 'धाकट्या भावाला बोलावणारी'. धोंडूच्या नांवांत मृत्यूला फसविण्याची युक्ति आहे. येथें फसवणूक कोणाचीच नाहीं, मुलीला खरें तेंच सांगितलेलें आहे, आणि तें तिनें शाळेंत हजेरीच्या वेळीं रोज ऐकावयाचें.

बायबलांत राहेल प्रसूतींत मरतां मरतां आपल्या मुलाला बेन-ओनी, माझ्या दुःखाचा पुत्र, असें म्हणते. याकोब तें बदलून बेंजामिन, उजव्या हाताचा पुत्र, असें करतो. सातारा जिल्ह्यांत २०११ च्या ऑक्टोबरांत असेंच झालें, फक्त तें काम बापांनीं केलें नाहीं, अधिकाऱ्यांनीं केलें. समारंभ करून अडीचशेहून अधिक नकुशांना नवीं नांवें देण्यांत आलीं, आणि त्या नांवांचीं प्रमाणपत्रें त्यांच्या हातीं पडलीं. कोणीं ऐश्वर्या हें नांव घेतलें, कोणीं वैशाली. वैशाली ही लिच्छवींची नगरी, आणि 'समृद्ध, सुंदर' हा तिला जोडलेला अर्थ संग्रहकारांचा, ही टीका आम्ही येथें करणार नाहीं. ज्या मुलीनें तें नांव स्वतः निवडलें तिला त्याचा अर्थ पुरता कळला होता.

संग्रहकारांना मात्र एक सुचवितों. अशा पुस्तकांत नकुशा हें नांव आम्हांस कोठें आढळलें नाहीं. नको असलेल्या मुलीला पुस्तकांतहि जागा मिळूं नये हें बरें नव्हे. पुढील आवृत्तींत 'न' अक्षराखालीं, नकुल आणि नक्षत्रा यांच्या मध्यें, तें छापावें. उजवीकडे त्याचा खरा अर्थ द्यावा, आणि त्यापुढें साताऱ्याची हकीकत सालासह लिहावी.