लिनक्स ६.१२ : कालबद्धतेची सिद्धी आणि मराठीची अनुपस्थिती

प्रस्तावना :
संगणकाची यंत्रसामग्री आणि तिच्यावर चालणाऱ्या आज्ञावली यांच्यामध्ये राहून प्रोसेसरचा वेळ, स्मृती व अन्य साधने यांचे वाटप करणारा घटक म्हणजे कर्नेल होय. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्स या मुक्त स्रोत कर्नेलची ६.१२ ही आवृत्ती १७ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाली. प्रस्तुत लेखात तिच्या प्रमुख गुणाचे आणि एका उणिवेचे परीक्षण केले आहे.

आवृत्तीचे वैशिष्ट्य :
या आवृत्तीत 'प्रीएम्प्ट आरटी' ही रिअल टाइम कार्यपद्धती मूळ कर्नेलमध्ये वापरण्याजोगी झाली. रिअल टाइम म्हणजे केवळ वेग नव्हे, तर ठरलेल्या मुदतीत प्रतिसादाची हमी होय. मौदा येथे २३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र असल्याने येथील वाचकांस हा भेद सहज उमगेल. कोणत्याही अशा केंद्रात टर्बाइनची गती मर्यादेबाहेर गेल्यास वाफ रोखण्याची आज्ञा 'बहुधा वेळेत' पोहोचून भागत नाही. ती प्रत्येक वेळी मुदतीतच पोहोचावी लागते. उशिरा आलेले अचूक उत्तरही तेथे चुकीचेच ठरते. अशा हमीसाठी हातातील काम मध्येच थांबवून अधिक निकडीचे काम घेण्याची क्षमता कर्नेलमध्ये असावी लागते.

हे साध्य होण्यास सुमारे २० वर्षे लागली. इंगो मोल्नार, थॉमस ग्लायक्सनर आदींचे हे कार्य दीर्घकाळ स्वतंत्र पॅचच्या रूपात चालू राहिले व त्याचे अंश टप्प्याटप्प्याने स्वीकारले गेले. अखेरचा मोठा अडसर 'प्रिंटके' या संदेश छापणाऱ्या भागाचा होता. कन्सोलवर संदेश उमटत असताना निकडीची कामे खोळंबत. अपुरे काम घाईने न स्वीकारण्याची ही शिस्त प्रशंसनीय आहे.

उणीव :
ज्या कन्सोलसाठी एवढे परिश्रम झाले, त्यावर मराठी मात्र नीट उमटत नाही. तो एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती हाताळतो आणि जोडाक्षरांची जुळणी करीत नाही. 'लोहित देवनागरी'सारख्या टंकांमुळे लिनक्सवर मराठी दिसते ती वरच्या स्तरावर. ही तांत्रिक मर्यादा एक वेळ क्षम्य मानता येईल. परंतु कर्नेलसोबतच्या दस्तऐवजांच्या अनुवाद विभागात या आवृत्तीच्या वेळी चिनी, जपानी, कोरियन, इटालियन व स्पॅनिश भाषा होत्या. मराठीच काय, एकही भारतीय भाषा नव्हती. याचा दोष कर्नेलकर्त्यांकडे जात नाही, कारण अनुवाद कोणीही पाठवू शकतो. पुण्यातील 'एका' हा महासंगणक २००७ मध्ये जगात चौथा ठरला, तो लिनक्सवरच चालत होता. अर्थात महाराष्ट्रात लिनक्सचे ज्ञान होते. ते मराठीत उतरले नाही.

निष्कर्ष :
जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना कर्नेल वाचण्याचा, बदलण्याचा व वितरित करण्याचा हक्क देतो. मात्र वाचण्याचा हक्क असणे आणि वाचता येणे यांत अंतर आहे. कर्नेल विकासाचा व्यवहार इंग्रजीतच चालतो, हा आक्षेप खरा आहे. तथापि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास त्या व्यवहाराच्या उंबरठ्यापर्यंत आणण्याचे काम मराठी दस्तऐवजच करू शकेल. यास्तव महाविद्यालयांतील संगणकशास्त्र व मराठी या विभागांनी मिळून पॅच पाठविण्याच्या पद्धतीवरील एक प्रकरण जरी अनुवादून सादर केले, तरी विद्यार्थ्यांना परिभाषा घडविण्याचा आणि काटेकोर परीक्षणास सामोरे जाण्याचा अनुभव एकाच वेळी मिळेल. मुक्त स्रोताचा केवळ वापरकर्ता राहावयाचे की सहभागी व्हावयाचे, हा निर्णय आता अध्यापकांच्या हाती आहे.