घरातील सीडी प्लेअर : एक परामर्श

तंबोरा घेताना जाणकार माणूस त्याचा भोपळा पाहतो, घोडी पाहतो, जवारी लावून घेतो आणि मग तारा छेडून कान देतो. हे योग्यच आहे. कारण तंबोरा स्वतः स्वर निर्माण करतो. सीडी प्लेअर हे मात्र वाद्य नव्हे. त्याला स्वतःचा स्वर नसतो व असूही नये. जुन्या पोथीची नक्कल करणाऱ्या लेखकाप्रमाणे, समोर जे आहे ते एक अक्षरही न गाळता व न वाढविता उतरवून देणे एवढेच त्याचे काम. तेव्हा त्याची परीक्षा वाद्याच्या निकषांवर करणे हा मुळातच विपर्यास होय. दुर्दैवाने घरगुती ध्वनियंत्रांविषयी जे परीक्षणवाङ्मय गेल्या चाळीस वर्षांत इंग्रजीत निर्माण झाले, ते पुष्कळ अंशी याच विपर्यासावर उभे आहे. त्याचा परामर्श घेणे, आणि बेताच्या खर्चात योग्य यंत्र कसे निवडावे याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या परीक्षणांची भाषा एकदा पाहण्यासारखी आहे. एका यंत्राचा ध्वनी ‘उबदार’ असतो, दुसऱ्याचा ‘रेशमी’, तिसऱ्याचा ‘मोकळा’. मध्यम किमतीचे यंत्र ‘प्रामाणिक, पण कोरडे’ ठरते. चौपट किमतीच्या यंत्राने मात्र गायिका जणू समोर येऊन बसते. काव्यसमीक्षेत कोणी अशी विशेषणे उधळू लागला, तर आपण त्यास विचारतो की, बाबा रे, कवितेतील कोणत्या ओळीवरून हे म्हणतोस? तोच प्रश्न येथेही विचारला पाहिजे. स्वरातील गोडवा गायिकेचा. तो कितपत टिपला गेला हे ध्वनिमुद्रण करणाराचे कसब. तो खोलीत कसा पसरला हे स्पीकरचे आणि भिंतींचे काम. या सर्वांचे श्रेय काढून घेऊन ते एका पेटीच्या पदरात टाकण्यापूर्वी त्या पेटीत घडते तरी काय, हे समजून घेणे आवश्यक आहे.

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून कॉम्पॅक्ट डिस्कचे मानक १९८० साली निश्चित केले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचे सीडीपी-१०१ हे यंत्र जपानमध्ये विक्रीस आले, तेव्हा त्याची किंमत १,६८,००० येन होती. तबकडीचा व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. तिच्यावर ध्वनी साठवलेला असतो तो आकड्यांच्या रूपाने : प्रत्येक सेकंदास, डाव्या व उजव्या बाजूचे वेगवेगळे, ४४,१०० नमुने, आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. नमुन्यांची संख्या ज्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक असेल, त्या कंपनसंख्येपर्यंतचा ध्वनी पूर्णपणे परत मिळविता येतो, असा गणिताचा सिद्धान्त आहे. म्हणजे सेकंदास सुमारे वीस हजार कंपनांपर्यंत, अर्थात तरुण व निकोप मानवी कानाच्या मर्यादेपर्यंत, तबकडी पुरी पडते. पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांचा कान तेथवर पोहोचतही नाही.

या आकड्यांचे पुन्हा विद्युत्प्रवाहात रूपांतर करणे हे काम आरंभी अवघड होते, हे खरे. फिलिप्सने आपल्या पहिल्या यंत्रात १६ ऐवजी १४ बिटांची चिप वापरली. परंतु नमुन्यांची संख्या चौपट करून घेण्याची युक्ती योजून तिने ती उणीव जवळजवळ भरून काढली. आज असे रूपांतर करणारी उत्तम चिप ही सामान्य व स्वस्त वस्तू झाली आहे. जी समस्या एकेकाळी थोर अभियंत्यांची परीक्षा पाहत होती, ती आता सुटलेली आहे. आणि सुटलेल्या समस्येसाठी पुनःपुन्हा मोल देण्याचे कारण उरलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की, आकडे काही सांगोत, कानास फरक जाणवतो त्याचे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याची तपासणी व्हावयास हवी. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात २००७ साली ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सीडीहून अधिक सूक्ष्म मानकाच्या तबकड्या वाजवावयाच्या, आणि त्यांचा ध्वनी कधी सरळ, तर कधी सीडीच्या मानकात उतरवून व परत फिरवून श्रोत्यांना ऐकवावयाचा. आपण काय ऐकत आहोत हे श्रोत्यांना ठाऊक नसे. साडेपाचशेहून अधिक चाचण्यांत अचूक उत्तरांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास राहिले. म्हणजे नाणे उडवून उत्तर दिले असते तरी तेवढेच आले असते. ध्वनी असह्य वाटावा इतका मोठा केला, की शांत जागी सीडीच्या मार्गातील सूक्ष्म खरखर तेवढी ओळखू येई. प्रयोगातील काही तबकड्यांच्या मूळ मुद्रणाविषयी पुढे आक्षेप घेतले गेले, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि आपल्या प्रश्नापुरते त्यातून निघते ते पुरेसे आहे : ध्वनी सीडीच्या मानकातून एक जादा फेरी करून आला, तरी सामान्य पातळीवर ऐकताना त्या फेरीची खूण कानास सापडली नाही.

मग दुकानात फरक जाणवतो तो कशामुळे? पुष्कळदा निव्वळ आवाजाच्या पातळीमुळे. एका यंत्रातून २ व्होल्ट बाहेर येतात, दुसऱ्यातून २.२, एवढ्याने सुमारे पाऊण डेसिबेलचा फरक पडतो. तो कानास ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक जिवंत’ म्हणून जाणवतो. कोणते यंत्र वाजत आहे हे झाकून ठेवल्याशिवाय आणि दोन्हींची पातळी मापकाने एक केल्याशिवाय केलेली तुलना ही तुलनाच नव्हे. आम्ही वर ज्या परीक्षणांचा उल्लेख केला, त्यांतील बहुसंख्य परीक्षणे या साध्या कसोटीस उतरत नाहीत.

उलटपक्षी, ज्या ठिकाणी खरोखर फरक पडतो तिकडे लक्ष द्यावे. चांगल्या सीडी प्लेअरच्या ध्वनीत वेगवेगळ्या स्वरांच्या पातळ्यांत जो कमीअधिकपणा येतो, तो डेसिबेलच्या अंशात मोजावा लागतो. स्पीकरच्या बाबतीत तीन डेसिबेल इकडे किंवा तिकडे हे चांगले लक्षण मानले जाते. आणि तो स्पीकर खोलीत आणून ठेवला की भिंती व फरशी मिळून याहून कितीतरी अधिक उलथापालथ करतात. आपल्याकडील उंच छताच्या, फरशीच्या, उघड्या भिंतींच्या घरांत तबल्याचा बोल घुमतो आणि शब्द पुसट होतात. त्यावर जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढणे, हे उपाय अल्पमोली आहेत. म्हणून आमचे मत असे की, नव्याने संच घेणाऱ्याने आपल्या रकमेचा निम्मा किंवा त्याहून मोठा भाग स्पीकरवर खर्च करावा. सीडी प्लेअरच्या वाट्यास सहाव्या हिश्श्याहून अधिक जाऊ देऊ नये.

दुसरी एक गोष्ट आपल्या संग्रहाची. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मास्टर दीनानाथ यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून पुढील काळात तबकड्या निघाल्या, आणि गोव्यापासून इंदूर-बडोद्यापर्यंत अनेक घरांत त्या जपून ठेवलेल्या आहेत. त्या काळच्या मुद्रणाची धाव सेकंदास पाच-सहा हजार कंपनांच्या फारशी पलीकडे नव्हती. केसरबाईंच्या तानेची दाणेदार सलगता त्या मर्यादेतही आपल्यापर्यंत पोहोचते, हा त्यांच्या गळ्याचा विजय आहे. जे मूळ मुद्रणातच उतरलेले नाही ते कितीही महाग यंत्र निर्माण करू शकत नाही. आणि जे उतरले आहे ते साधे यंत्रही पुरतेपणी देते. जितेंद्र अभिषेकी यांच्या काळातील ध्वनिफितीवरील मुद्रणे पुष्कळ अधिक भरीव आहेत. पण त्यांनाही न पुरेल असे सुस्थितीतील यंत्र आज शोधूनच काढावे लागेल.

तर मग निवड करावयाची ती कशावरून? ध्वनीवरून नव्हे, वाचनावरून. लेसरचा किरण तबकडीच्या मध्याजवळ आरंभ करून कडेकडे जातो. वाटेत ओरखडा आला तर तबकडीवरच पेरून ठेवलेल्या जादा आकड्यांच्या आधारे यंत्र गाळलेला भाग पुन्हा जुळविते. सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड असा बिनचूक भरून निघू शकतो. त्यापलीकडे यंत्रास अंदाज बांधावा लागतो, आणि मग टकटक, अडखळणे सुरू होते. हे काम सर्व यंत्रे सारख्याच हिकमतीने करीत नाहीत. म्हणून दुकानात जाताना आपल्याकडील सर्वांत ओरखडलेली एक तबकडी बरोबर न्यावी व तिचे शेवटचे गीत लावून पाहावे. कारण शेवट कडेपाशी असतो आणि बोटांचे डाग, डगमग व झीज तेथेच अधिक असते.

दुसरी तबकडी न्यावी ती घरी संगणकावर लिहून घेतलेली. अशा तबकडीवर खळगे उमटवलेले नसतात. रंगद्रव्याच्या थरावर लेसरने केलेल्या खुणा असतात, आणि तिच्यावरून प्रकाश कमी परततो. विकतच्या तबकड्या बिनतक्रार वाजविणारी काही जुनी यंत्रे येथे हात टेकतात. तिसरी तबकडी एखाद्या रागाची असावी, जिच्यात विलंबित आणि द्रुत हे वेगळे भाग करूनही तंबोरा अखंड चालू आहे. काही यंत्रे, विशेषतः स्वस्त डीव्हीडी प्लेअर, एका भागावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर गप्प होतात. तंबोऱ्याचा धागा तेथे तुटतो. आणि हा दोष विशेषणांनी नव्हे, कानांनी सहज पकडता येतो.

याशिवाय ट्रे सरळ व निमूट आत-बाहेर होतो काय, आकडे दुरून वाचता येतात काय, रिमोट हरवल्यास पुढील बटणांवर काम भागते काय, आणि ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्शियल तारेचे डिजिटल निर्गमन आहे काय, हे पाहावे. यामाहाचे सीडी-एस३०३, डेननचे डीसीडी-६००एनई, २०२० साली निघालेले मरांट्झचे सीडी६००७ ही यंत्रे आपापल्या कंपन्यांच्या चढत्या पायऱ्यांतील खालच्या टप्प्यावरची. परंतु ‘खालची’ हा शब्द येथे किमतीस लागू आहे, कामास नव्हे. यांपैकी ज्याची दुरुस्ती आपल्या गावी किंवा जवळच्या शहरी होऊ शकेल ते घ्यावे. याहून कमी खर्च करावयाचा असेल, तर घरात पडून असलेला, डिजिटल निर्गमन असलेला डीव्हीडी प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरला जोडून वर सांगितलेल्या तीन तबकड्यांची परीक्षा घ्यावी; उतरला तर नव्या यंत्राची आवश्यकताच नाही. जुन्या बाजारातील यंत्र घेताना मात्र सावध असावे. कोकणपट्टीच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, ट्रेचा रबरी पट्टा सैल होतो, आणि लेसर स्वतःही वयोमानाने मंदावतो. भिंग व पट्टा यांचा इलाज होतो. लेसरचा सुटा भाग न मिळाल्यास यंत्र शोभेचेच राहते.

महाग यंत्रांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. त्यांची घडण जड व नेटकी असते, ट्रेची यंत्रणा अधिक टिकाऊ असू शकते, आणि सुबक वस्तू जवळ बाळगण्याचा आनंद हा काही अपराध नव्हे. ज्याची ऐपत आहे त्याने तो अवश्य घ्यावा. आमचा आक्षेप इतकाच की, त्या आनंदास ‘स्वरांचा साक्षात्कार’ असे नाव देऊन तो बेताच्या प्राप्तीच्या गृहस्थास विकला जाऊ नये.

कारण त्या गृहस्थाच्या घरी पैशास दुसरे, अधिक निकडीचे काम वाट पाहत आहे. मंदिराच्या उत्सवातील कीर्तन, आजोबांचे भजन, आजीच्या ओव्या, एखाद्या दिवंगत भजनीबुवांची शेवटची आरती, असे किती तरी ध्वनी लोकांनी कॅसेटवरून घरच्या तबकड्यांवर उतरवून घेतले आणि मूळ कॅसेट टाकून दिली. केसरबाईंची तबकडी खराब झाली तर दुसरी कोठेतरी मिळेल. या तबकडीची दुसरी प्रत जगात नाही. तिच्यावरील रंगद्रव्य ऊन, उष्णता व ओल यांनी फिके पडत असते. अशा तबकड्या उन्हापासून दूर, उभ्या ठेवाव्यात. पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. नावे लिहिण्यासाठी टोकदार पेन वापरू नये, कारण प्रकाश परतविणारा पातळ थर त्या बाजूस लगतच असतो. आणि मुख्य म्हणजे, त्या वाजत आहेत तोवर संगणकावर त्यांची तंतोतंत नक्कल करून ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. स्वस्त यंत्र घेऊन जी रक्कम वाचेल, तिच्या थोड्या अंशात हे काम होते. आणि येत्या पावसाळ्यापूर्वी ते उरकून घेणे बरे.