वंशशोधाची नवी साधने: डीएनए-चाचणीच्या निवडीचा एक चिकित्सक विचार

कुलेतिहासाच्या अभ्यासात साधनाची निवड ही केवळ सोयीची बाब नसते. जे साधन निवडले जाते तेच पुष्कळदा ‘कुल’ ह्या शब्दाचा अर्थही ठरवून टाकते. वंशावळीच्या जोडीला आता डीएनए-चाचणी हे साधन सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले आहे. पूर्वी जळगावलगतचे स्वतंत्र गाव असलेले आणि आता शहरात सामावलेले मेहरूण घेतले, तरी तेथील कुटुंबांपुढेही खानदेशातील इतर कुटुंबांप्रमाणेच हा प्रश्न येतो, की आपले पूर्वज मुळात कोठले, आणि ते शोधण्यासाठी उपलब्ध चाचण्यांपैकी कोणती घ्यावी? प्रस्तुत लेखात ह्या निवडीचा विचार साधनचिकित्सेच्या दृष्टीने करावयाचा आहे.

खानदेशाला वंशलेखनाची परंपरा नवी नाही. भाटांच्या वह्या आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या ही तिची परिचित अंगे होत. धुळ्यास १९२७ मध्ये स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने जुने दप्तर जपण्याचे मोठे कार्य केले. परंतु ह्या परंपरेचा सर्वांत बोलका पुरावा चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ चा शिलालेख हाच म्हणावा लागेल. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेल्या ह्या लेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची परंपरा दिली आहे. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर आणि चांगदेव अशा त्या ९ पिढ्या होत.

ही वंशावळ विश्वसनीय आहे. तरी ती काय सांगत नाही हेही पाहिले पाहिजे. चांगदेवापासून त्रिविक्रमापर्यंत ८ पायऱ्या होतात. प्रत्येकास दोन जन्मदाते ह्या हिशेबाने त्या पायरीवर पूर्वजांची २५६ स्थाने येतात. लेख त्यांपैकी एकच भरतो. संपूर्ण मालिकेत एकाही मातेचे नाव नाही. हा लेखकर्त्याचा प्रमाद नव्हे. कुल म्हणजे पितृपरंपरा ही त्या काळाची व्याख्याच त्यात उमटली आहे. नव्या चाचणीची निवड करताना हीच व्याख्या नकळत पुन्हा स्वीकारली जाते काय, हा खरा प्रश्न आहे.

चाचण्या मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. पहिली वाय-गुणसूत्राची. हे गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे बहुतांशी अखंड जाते आणि त्यात क्वचित घडणारी उत्परिवर्तने पुढच्या पिढ्यांत टिकून राहतात. त्यांवरून ‘आर-१-ए’, ‘एच’, ‘एल’ असे वंशगट ठरविले जातात. दुसरी तंतुकणिकांच्या डीएनएची. सुमारे १६,५६९ घटकांची ही लहानशी साखळी मातेकडून पुत्र व कन्या दोघांनाही मिळते. पुढे मात्र ती कन्येकडूनच चालते. तिसरी चाचणी उरलेल्या २२ गुणसूत्र-जोड्यांची. त्यांत दोन्ही बाजूंच्या पूर्वजांचा वारसा असतो, परंतु दर पिढीस त्याची फेरमांडणी होऊन निम्माच भाग पुढे जातो.

हा भेद मेहरूणच्या बोरांवरून चांगला समजतो. बोराचे उत्तम वाण टिकवावयाचे तर डोळा भरून कलम करावे लागते. बियांपासून वाढलेले झाड मूळ झाडासारखे निघेलच असा भरवसा नसतो. पहिल्या दोन चाचण्यांतील वारसा कलमासारखा आहे. तो दीर्घकाळ ओळखू येतो, पण एकाच फांदीचा असतो. तिसरीतील वारसा बियांसारखा आहे. त्यात साऱ्या झाडांचा अंश येतो, पण थोड्याच पिढ्यांत तो विरत जातो. दहाव्या पिढीच्या १,०२४ पूर्वजस्थानांपैकी बऱ्याच जणांचा एकही अंश आजच्या वंशजात उरलेला नसतो. म्हणून ‘सर्व पूर्वज’ आणि ‘फार जुने पूर्वज’ ह्या दोन्ही अपेक्षा कोणतीही एक चाचणी पुरी करू शकत नाही.

एकाच चाचणीवर भिस्त ठेवल्यास निष्कर्ष कसा एकांगी होतो ह्याचे उत्तम उदाहरण कोकणातील बेने इस्रायल समाजाचे आहे. अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून वाचलेल्या काही कुटुंबांपासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. ह्या समाजाच्या संपूर्ण जनुकीय घटनेवरील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वारशांचा लक्षणीय भाग आढळला. हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले असावे आणि त्यात ज्यू वारसा प्रामुख्याने पुरुषांकडून, तर भारतीय वारसा प्रामुख्याने स्त्रियांकडून आला असावा, असे अनुमान निघाले. ह्या समाजाची केवळ मातृवंशाची चाचणी झाली असती तर परंपरा खोटी ठरली असती. केवळ पितृवंशाची झाली असती तर स्थानिक मातांचा वारसा अदृश्य राहिला असता. शिवाय मिश्रणाचा काळ हा आगमनाचा काळ असेलच असे नाही.

ह्याच न्यायाने खानदेशातील प्रश्न तपासता येतात. लेवा पाटीदार व गुजर ह्यांच्यात गुजरातेतून आल्याची परंपरा आहे. पितृवंशाच्या सखोल चाचणीने एखाद्या घराण्याचे तिकडील घराण्याशी नाते जुळू शकेल. मात्र त्यासाठी दोन्हीकडील पुरुषांचे नमुने तुलनेस हवेत. अहिराणीच्या नावावरून आभीरांशी नाते जोडण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. आभीरांचा म्हणून निश्चित झालेला प्राचीन नमुनाच हाती नसताना ‘आभीर रक्त’ सिद्ध करणारी चाचणी संभवत नाही. भाषेचे नाव, जातीचे नाव आणि जनुकीय परंपरा ह्या तीन स्वतंत्र गोष्टी होत.

टक्केवारीच्या निकालांबाबतही सावधपणा आवश्यक आहे. ही टक्केवारी पूर्वजांची मोजदाद नसून कंपनीने जमविलेल्या आजच्या लोकांच्या नमुन्यांशी केलेली तुलना असते. संदर्भगट बदलले की त्याच व्यक्तीचे आकडेही बदलतात. संशोधकांचे कार्य ह्याहून निराळे आहे. २००९ मधील अभ्यासाने भारतीय समूहांच्या घटनेत ‘उत्तर’ व ‘दक्षिण’ असे दोन प्राचीन पूर्वजप्रवाह मांडले. २०१३ मधील अभ्यासाने त्यांच्या व्यापक मिश्रणाचा काळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा ठरविला. हे निष्कर्ष समूहांविषयीचे आहेत. त्यांवरून एका घराण्याचे मूळ गाव निघत नाही.

अंतर्विवाहाची अडचण महाराष्ट्रात विशेष आहे. इरावती कर्वे व के. सी. मल्होत्रा ह्यांनी १९६८ मध्ये एकाच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली, तेव्हाच वर्णनाम आणि विवाहगट ह्यांतील अंतर अभ्यासकांपुढे आले होते. पिढ्यान्पिढ्या एकाच वर्तुळात सोयरिकी झाल्या आणि मामेबहिणीशी विवाह रूढ असला की दूरच्या नातलगांतही सामाईक अंश वाढतो. त्यामुळे पाश्चात्त्य कुटुंबांच्या प्रमाणावर बेतलेली कोष्टके वापरल्यास सहाव्या पिढीतील नाते तिसऱ्या-चौथ्या पिढीतील भासते.

तात्पर्य, निवड प्रश्नानुसार व्हावी. आडनावाच्या शाखा जोडावयाच्या असतील तर पितृवंशाची चाचणी उपयुक्त. ती कुलातील पुरुषानेच द्यावी लागते, म्हणून कन्येने पिता, बंधू किंवा चुलता ह्यांचे साहाय्य घ्यावे. वंशावळीने गाळलेल्या मातांचा माग काढावयाचा असेल तर मातृवंशाच्या पूर्ण चाचणीस पर्याय नाही. चार-पाच पिढ्यांतील नातलग शोधण्यास तिसरी चाचणी योग्य. दत्तकविधान झालेल्या घराण्यात वंशावळ आणि वाय-गुणसूत्र ह्यांचे निकाल भिन्न येतील. तेथे एक खरे व दुसरे खोटे नसते, दोन निराळ्या नात्यांची ती साक्ष असते.

शेवटी एक जबाबदारी उरते. एका व्यक्तीचा नमुना तिच्या भावंडांची व अपत्यांची माहितीही उघड करतो. ‘ट्वेंटी-थ्री-अँड-मी’ ह्या अमेरिकन कंपनीची सुमारे ६९ लक्ष ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये परक्या हाती गेली, आणि २०२५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. वही जळाली तर नोंद नष्ट होते. ही नोंद मात्र मालक बदलूनही शिल्लक राहते. म्हणून आप्तांची संमती हा ह्या शोधातील उपचार नसून पहिली पायरी आहे. तसेच निकालाचा उपयोग कोणाचे उच्चनीचत्व ठरविण्यासाठी करणे शास्त्राला धरून नाही. पाटणच्या शिलालेखातून गळलेली नावे नवे साधन परत देऊ शकणार नाही; पण तेथे माता होत्या, त्यांचीही परंपरा होती, एवढे ते निश्चित दाखवू शकते. आडनावापलीकडचा हा वारसा ज्या निवडीत ध्यानात घेतला जाईल, तीच अभ्यासाच्या दृष्टीने सार्थ मानावी लागेल.